नोकरीधंदा सांभाळून निष्काम सेवा कशी करावी: नागपूरकरांसाठी काही सूचना

देवाची सेवा करावी असे पुष्कळांना वाटते आणि ती निष्काम असावी असेही वाटते. परंतु निष्कामता हा केवळ मनाचा गुण आहे असे धरून माणूस आधी मन शुद्ध होण्याची वाट पाहत बसतो, ते काही होत नाही, आणि सेवाही राहून जाते. या बाबतीत माझे मत थोडे व्यवहारी आहे. सेवेची आखणीच अशी करावी की तिच्यातून आपल्याकडे काही परत येण्याला वाव राहू नये. मन त्यानंतर आपल्या गतीने ताळ्यावर येईल, आणि न आले तरी तेवढ्या वेळात तहानलेल्याला पाणी मिळालेले असेल.

अशा आखणीसाठी गीतेच्या सतराव्या अध्यायातील विसावा, एकविसावा आणि बाविसावा हे तीन श्लोक पुरेसे आहेत. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशा पात्र व्यक्तीला, योग्य जागी, योग्य वेळी, केवळ द्यायला हवे म्हणून जे दिले जाते ते दान सात्त्विक. उपकाराची फेड किंवा फळ मनात धरून, अथवा जिवावर आल्यासारखे दिलेले ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला, मान न राखता तुच्छतेने दिलेले ते तामस. यात फळाची इच्छा हा एक मुद्दा झाला. जागा, वेळ, व्यक्ती आणि मान हे उरलेले चार मुद्देही तितकेच महत्त्वाचे आहेत, आणि आपल्याकडची बरीचशी सेवा बिघडते ती या चारांपैकी कशात तरी.

आधी पोटाचा धंदा

दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देव आणि धन या दोघांची तर नाहीच, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायातले वचन काहींना नोकरी सोडण्याचा सल्ला वाटते. पण तेथे प्रश्न धनी कोण हा आहे. पगार घ्यावा की नाही, हा नाही. बाबा आमटे यांनी वकिली सोडली, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, हे आपल्या विदर्भातलेच उदाहरण आहे. पण त्या वाटेने जाण्याची ताकद आणि घरच्यांची तशीच तयारी ज्याच्याजवळ असते त्याला अशा मार्गदर्शनाची गरज पडत नाही. बाकीच्यांनी नोकरी करावी, दुकान चालवावे, आणि ते स्वच्छ हाताने करावे. तराजूत मारलेले माप भंडाऱ्यातल्या बुंदीने भरून निघत नाही. ज्याने दुकानातल्या पोऱ्याचा पगार दोन महिने थकवला आहे, त्याने अन्नदानाचा विचार करण्याआधी तो पगार द्यावा. सात्त्विक दानाची सुरुवात तेथूनच होते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळांच्या बाबतीत पहिले वर्ष एवढ्यातच संपावे.

नवसाबद्दलही येथेच बोलून घेतो. कोराडीच्या देवीला किंवा टेकडीच्या गणपतीला नवस बोलणे आणि काम झाल्यावर तो फेडणे यात वावगे काही नाही. दिलेला शब्द पाळणे ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्याला सेवा म्हणू नये, कारण त्यात देणे आणि घेणे आधीच ठरलेले असते. सेवेला निघताना वाटेत टेकडीवर हात जोडायचे असतील तर जरूर जोडावेत, पण त्या दिवशी काही मागू नये; मागायचे असेल तर दुसऱ्या दिवशी वेगळे जावे. गीतेच्या नवव्या अध्यायात जे करशील, जे खाशील, जे देशील ते मला अर्पण कर असे सांगितले आहे, त्याप्रमाणे काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर ते मनातल्या मनात देवाच्या स्वाधीन करावे. त्यानंतर घरी, कार्यालयात किंवा मोबाइलच्या गटावर त्याविषयी बोलू नये. हा एवढा नियम पाळला तरी अर्धे काम होते, आणि पाळायला तोच सर्वांत अवघड जातो.

कोणते काम निवडावे

काम असे निवडावे की ज्याची सेवा करायची तो माणूस पुन्हा भेटण्याची शक्यता कमी असावी आणि आपल्या धंद्याशी, वस्तीच्या राजकारणाशी किंवा सोयरिकीशी त्याचा संबंध नसावा. स्वतःच्याच कॉलनीत, ओळखीच्यांना, निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या वह्या या कसोटीवर टिकत नाहीत. नागपुरात अशा अनोळखी माणसांची कमतरता नाही. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन सरकारी रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून ते मध्य प्रदेशातील बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते. सोबत आलेला भाऊ किंवा आई मात्र कित्येकदा व्हरांड्यात किंवा आवारातल्या झाडाखाली चादर अंथरून दिवस काढते. त्यांना जेवण देणारे हात बरेच आहेत. केसपेपर कुठे काढायचा, रक्ताचा नमुना कोणत्या खिडकीवर द्यायचा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार घेऊन कोणाला भेटायचे, हे समजावून सांगणारा माणूस मात्र दुर्मीळ असतो.

हे काम करायचे असेल तर आधी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटून परवानगी घ्यावी आणि ते सांगतील त्या वेळेत, सांगतील त्या जागी उभे राहावे. योजनेसंबंधी सर्व प्रश्न आरोग्यमित्राच्या टेबलावर न्यावेत. आपल्याला माहीत आहे असे वाटले तरी आपण उत्तर देऊ नये, कारण चुकीच्या कागदामुळे एका माणसाचा पूर्ण दिवस जातो आणि त्याचा गावी परतण्याचा खर्च वाढतो. औषधाबद्दल, डॉक्टरबद्दल मत देऊ नये. बाहेरच्या कोणत्याही लॅबचे किंवा औषधाच्या दुकानाचे नाव सुचवू नये. आपला हेतू निर्मळ असला तरी अशा जागी दलालांचा वावर असतो आणि आपल्याकडेही त्याच नजरेने पाहिले जाईल. रुग्णाचा किंवा नातेवाइकाचा फोटो काढू नये, तो मागणाऱ्या संस्थेत काम करू नये. नाव, गाव आणि आजार याखेरीज काही विचारण्याची गरज नसते, आणि जात-धर्म विचारण्याची तर कधीच नसते.

रक्तदान हे माझ्या मते या सर्व प्रकारांतले सर्वांत निर्दोष काम आहे, कारण घेणारा कोण हे देणाऱ्याला कळत नाही आणि देणारा कोण हे घेणाऱ्याला. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून अधिक असावे लागते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना, तसेच थॅलेसेमियाच्या मुलांना, पुन्हा पुन्हा रक्त लागते. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट पाच दिवस, त्यामुळे वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमा करण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे रक्त येत राहणे रक्तपेढीला अधिक सोयीचे असते. उन्हाळ्यात महाविद्यालयांना सुट्या लागतात, शिबिरे होत नाहीत आणि साठा आटतो. योग्य वेळ ती हीच: एप्रिल-मे महिन्यांत, शिबिराची वाट न पाहता, सरळ सरकारी रक्तपेढीत जावे. बॅग, थर्मास अशा भेटवस्तू वाटणारे शिबिर टाळावे किंवा वस्तू नाकारावी. बिस्किट आणि कॉफी मात्र घ्यावी. ती शरीरासाठी असते.

पाणपोई: सविस्तर

पहिल्यांदा सेवा करणाऱ्याला मी पाणपोईच सुचवतो, कारण तिच्यात वरचे सर्व मुद्दे रोज तपासले जातात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतपात तर दुपारी बर्डीवरही रस्ता ओस पडतो, आणि तरीही हमाल, हातठेलेवाले, सायकलरिक्षा ओढणारे आणि सकाळी ठिय्यावर काम न मिळाल्याने परत निघालेले मजूर रस्त्यावर असतातच. पाणपोई त्यांच्यासाठी आहे. म्हणून ती मोठ्या चौकात, जेथे बॅनर चांगला दिसतो तेथे न लावता कळमन्याच्या बाजाराबाहेर, इतवारीच्या धान्याच्या गल्ल्यांत, एखाद्या ऑटो स्टँडपाशी, म्हणजे जेथे माणसे ओझे उतरवतात तेथे लावावी. रस्त्याच्या कडेला ठेवायची असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारून घ्यावे. एखाद्या दुकानदाराचा ओटा मिळाला तर सर्वांत उत्तम, कारण तेथे सावलीही असते आणि रात्री लक्षही राहते.

होळी झाली की कुंभाराकडून नवा रांजण आणावा. जुन्या रांजणाची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, त्यामुळे पाणी कमी पाझरते आणि गारही कमी होते. मातीच्या भांड्यातले पाणी गार राहते ते या पाझराच्या बाष्पीभवनानेच. नवा रांजण आतून-बाहेरून साध्या पाण्याने धुवावा, साबण लावू नये, कारण माती तो शोषून घेते. मग एक दिवस पूर्ण भरून ठेवावा आणि ते पाणी झाडांना घालावे. विटांच्या चौथऱ्यावर ओली वाळू पसरून त्यात रांजण पक्का बसवावा, बाहेरून सुती कापड किंवा गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे, वर घट्ट बसणारे झाकण असावे. पाण्याचा हिशेब सोपा आहे: एका माणसाला अर्धा लिटर धरला तर ४० लिटरचा रांजण ८० माणसांत संपतो. ओझे वाहणारा माणूस अर्ध्या लिटरवर थांबत नाही. तेव्हा दोन रांजण ठेवावेत आणि ते सकाळी सात व दुपारी बारा असे दोनदा भरावेत. दुपारी तीनला पुन्हा कोणीतरी पाहून जावे.

पेला आत बुडवू देऊ नये. एका माणसाच्या हातावरची घाण सगळ्यांच्या पोटात जाते, आणि उन्हाळ्यातले जुलाब रोजंदारीवाल्याचे किमान तीन दिवस खातात. तोटी बसवलेला रांजण मिळाला तर तो घ्यावा. नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे ठेवून एका माणसाने ओंजळीत किंवा पेल्यात पाणी ओतावे. पाणी नळाचेच भरावे, विहिरीचे किंवा बोअरचे भरायचे झाल्यास क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाकून सांगितलेला वेळ थांबावे. आठवड्यातून एकदा रांजण पूर्ण रिकामा करून आतली भिंत नारळाच्या शेंडीने घासावी. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि नुसते पाणी बदलल्याने निघत नाहीत.

पाटीवर ‘पिण्याचे पाणी’ एवढेच लिहावे. दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. पण त्या नावाखाली सौजन्य म्हणून सात जणांचे फोटो येऊ लागले की मामला वेगळा होतो. शहरात अशा कितीतरी पाणपोया दरवर्षी दिसतात, ज्यांच्या उद्घाटनाला फीत कापली जाते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात बॅनर ताजातवाना असतो नि रांजण कोरडा. कोरडी पाणपोई नसलेल्या पाणपोईपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणूस आधीचा नळ सोडून पुढे आलेला असतो. ज्याला मृगाचा पाऊस येईपर्यंत, रविवार आणि लग्नाच्या तिथी धरून, रोज दोनदा पाणी भरणे जमणार नसेल त्याने एकट्याने पाणपोई सुरू करू नये. चार घरांनी वार वाटून घ्यावेत.

पाणी देताना उपदेश करू नये. दारूचा वास येत असला तरी पाणी द्यावे. तहानेच्या बाबतीत पात्रता तहानेवरूनच ठरते. कोणी आभार न मानता निघून गेला, कोणी दोन बाटल्या भरून नेल्या, कोणी पाणी गरम आहे म्हणून कुरकुर केली, तर गरम आहे का ते पाहावे आणि कापड ओले करावे. मान राखणे म्हणजे प्रत्यक्षात हेच असते.

उत्सवातले काम

रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरबत, ताक आणि प्रसाद वाटणाऱ्यांची दाटी असते. वाटायला उभे राहण्यासाठी माणसे कमी पडत नाहीत. मिरवणूक पुढे सरकल्यावर रस्त्यावर जे पेले आणि द्रोण उरतात ते उचलायला मात्र सफाई कामगारांखेरीज कोणी नसते. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर नेमके हेच केले: गावात शिरले की खराटा हाती घेऊन आधी रस्ते झाडायचे आणि कीर्तन मग रात्री. ज्याला आपल्या सेवेची परीक्षा घ्यायची असेल त्याने उत्सवात वाढपाचे काम मागू नये, भांडी घासण्याचे किंवा झाडण्याचे मागावे. गणपती विसर्जनाच्या रात्री कृत्रिम टाक्यांपाशी निर्माल्य वेगळे करण्याचे, गुरुद्वाऱ्यात जोडे सांभाळण्याचे काम याच जातीचे आहे. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा रस्तोरस्ती होणारे अन्नदान देवासाठी केलेले नसते, पण अनोळखी माणसाला आग्रहाने बसवून वाढण्याची ती रीत देवाच्या नावाने सेवा करणाऱ्यांनी जवळून पाहावी अशी आहे.

स्वतः महाप्रसाद करायचा असेल तर एकच सांगतो: उन्हाळ्यात शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत पंगतीला जावे, विशेषतः भात. उरलेला मसालेभात संध्याकाळी वस्तीत नेऊन वाटणे याला तामस दानच म्हणावे लागेल, देणाऱ्याच्या मनात कितीही कळवळा असला तरी.

पैसा आणि घर

सेवेचा पैसा घरखर्चाच्या पैशापासून वेगळा ठेवावा, आणि महिन्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवावा. शिखांमध्ये दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, अशी रीत आहे. ज्याला कर्ज आहे किंवा मुलांचे शिक्षण चालू आहे त्याने शंभरातले दोन रुपये काढले तरी चालेल, पण ठरलेले चुकवू नये. चार जणांचा पैसा एकत्र आला की वही ठेवावी आणि ती चौघांपैकी कोणालाही कधीही पाहता यावी. मी पै-पैचा हिशेब मागतो म्हणून काही सज्जन दुखावतात. देवाच्या कामात हिशेब कशाला, असे म्हणतात. देवाच्या कामात तर तो अधिकच चोख हवा.

आयकराच्या सवलतीबद्दल नेहमी विचारले जाते. ज्याला आपण ८०जी म्हणून ओळखतो ती सवलत घेणे कायदेशीर आहे. नोंदणीकृत संस्थेची पावती लागते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत ती मिळत नाहीच. जुन्या प्रणालीत असाल तर पावती घ्यावी, सवलतही घ्यावी, आणि जितका कर वाचला तितकी रक्कम पुढच्या वर्षीच्या सेवेच्या डब्यात टाकावी. संस्था निवडण्याच्या भानगडीत पडायचे नसेल तर धंतोलीतील रामकृष्ण मठासारख्या जुन्या, ठरलेल्या शिस्तीने चालणाऱ्या ठिकाणी विचारावे. शिवभावाने जीवाची सेवा हे तेथले सूत्रच आहे, आणि नवख्या माणसाने पहिला एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली, सांगितलेले काम करत घालवणे फायद्याचे असते.

घराबद्दल थोडे कटू बोलावे लागेल. रविवारी सकाळी सेवेला जाणारे बाबा घरातून निघतात तेव्हा सासूबाईंचे औषध, मुलांचा अभ्यास आणि पाहुण्यांचा स्वयंपाक कोणाच्या अंगावर पडतो, हे त्यांनी एकदा पाहावे. सेवेसाठी दिलेला वेळ आपला असावा, पत्नीचा नव्हे. तिला विचारून, तिच्याही रविवारची सोय करून निघावे. तीही सेवेला येत असेल तर घरचे काम आधी दोघांनी मिळून उरकावे.

काम दुसऱ्याच्या हाती देताना

नाव, फोटो, आभार या गोष्टी बऱ्याच जणांना सोडता येतात, पण काम आपल्याच पद्धतीने चालावे हा हट्ट सुटत नाही. म्हणून दोन-तीन हंगामांनंतर काम दुसऱ्याकडे सोपवण्याची तयारी सुरुवातीपासून ठेवावी. वहीत कुंभाराचा पत्ता, ओट्याच्या मालकाचा फोन, झोन कार्यालयातली खिडकी, वारांची वाटणी आणि शिल्लक रक्कम लिहिलेली असावी. ती वही, किल्ली आणि ओगराळे देऊन मोकळे व्हावे. नवा माणूस पहिल्याच वर्षी रांजणाची जागा बदलेल. ती चुकीची वाटली तर सावली आणि गर्दीची वेळ याबद्दल एकदा सांगावे, आणि तरी त्याने बदलली तर पुढच्या सोमवारी आपल्या वाराला नव्या जागी पाणी भरायला जावे.